पियानोला बोलू देणारी गायिका

कोकणात पेटी वाजवत गाणाऱ्या माणसाचे कोणाला नवल वाटत नाही. शास्त्रीय मैफलीत गायक मध्ये बसतो आणि पेटीवाला त्याच्या बाजूला बसून त्याच्या मागोमाग जातो. आमच्या भजनात मात्र बुवा स्वतःच पेटीवर बसतो, स्वतःच गातो, आणि गाता गाता पखवाजवाल्याला मानेने व मागे बसलेल्या कोरसला डोळ्यांनी सांभाळतो. मालवण तालुक्यातल्या ज्या घरात मी वाढले, त्या घरात वडीलच बुवा होते. त्यामुळे टोरी एमॉस या अमेरिकी गायिकेच्या गाण्याबद्दल मी जे लिहिते आहे, ते पेटीवाल्या घरात कान तयार झालेल्या बाईने लिहिलेले आहे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे. पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही.

तिच्याबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे, आणि त्यातले बहुतेक लिखाण तिच्या शब्दांभोवती फिरते. धर्म, बाईचे शरीर, तिच्यावर होणारी जबरदस्ती, आईबापांशी असलेले नाते हे तिचे विषय आहेत आणि त्यांच्यावर लिहिलेच पाहिजे. तरीही मला वाटते, तिचे वेगळेपण तिच्या हातांत आहे. तिच्या गाण्यात पियानो साथीला नसतो. तो त्या गाण्यातले दुसरे पात्र असतो. कधी तो गाणारीची बाजू घेतो, कधी तिचे म्हणणे खोडून काढतो, आणि कधी ती जे बोलायचे टाळते आहे तेच बोलून मोकळा होतो.

हे मला एवढे ठळक का जाणवले, ते सांगायचे तर आधी पेटीकडे यावे लागेल. हातपेटीवर बुवाचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. म्हणजे सुरांसाठी उरतो तो एकच हात. शिवाय पट्टी हळू दाबा किंवा जोरात दाबा, आवाजात फरक पडत नाही. आवाज लहानमोठा होतो तो भात्याच्या दाबाने, आणि तो दाब सगळ्या सुरांना सारखाच मिळतो. एक सूर पुढे आणि दुसरा मागे, असे पेटीवर करता येत नाही. म्हणून बुवाची पेटी गळ्याच्या वाटेनेच जाते. ती ओळ धरते, ओळ संपली की मधली जागा भरते, गजर चढत्या लयीत न्यायचा असेल तेव्हा पुढे होऊन सगळ्यांना ओढते. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या बुवाला उत्तर द्यायचे असते तेव्हा तर पेटी हे जवळजवळ हत्यारच होते. काळी पाचमध्ये टीप, म्हणजे वरचा सूर, लावून बुवा पट्ट्यांवरून हात उचलतो, आणि नुसता गळा मंडपभर फिरून आला की पुन्हा पेटीवर उतरतो, त्या क्षणी मांडवातला माणूस जागचा उठतो. पण तिथेही पेटी बुवाच्या बाजूनेच असते. बुवाच्या विरोधात जाणारी पेटी मी कधी ऐकली नाही.

पियानोचे यंत्रच निराळे आहे. पट्टी दाबली की आत लोकरीच्या गादीचा हातोडा तारेवर आपटतो आणि लगेच मागे होतो. सूर जन्मतो त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि पुढे तो विरतच जातो. बोट जितक्या वेगाने पडेल तितका आवाज मोठा. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे डावा एक गोष्ट सांगत असताना उजवा दुसरी सांगू शकतो, आणि गळा तिसरी. ही सोय सगळ्याच पियानोवाल्यांना असते, पण गाताना बहुतेक जण ती वापरत नाहीत. डाव्या हाताने खालचे सूर, उजव्याने मधले स्वरसमूह, वर गळा, असा ठरलेला बाज असतो आणि लोकप्रिय गाण्याला तो पुरतोही. टोरी एमॉसला तो पुरला नाही.

तिचा जन्म 22 ऑगस्ट 1963 रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात न्यूटन या गावी झाला. पाळण्यातले नाव मायरा एलेन. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते, त्यामुळे चर्चमधले गाणे घरातच होते. नीट बोलायला लागण्याच्या वयात ती ऐकलेले सूर पियानोवर काढू लागली आणि पाचव्या वर्षी बाल्टिमोरच्या पीबॉडी या नामांकित संगीत विद्यालयात तिला प्रवेश मिळाला. अकराव्या वर्षी ते शिक्षण संपलेसुद्धा. कागदावरची स्वरलिपी वाचून वाजवण्यात तिचे मन नव्हते. ती कानाने वाजवायची आणि तिला रॉक संगीत हवे होते. आपल्याकडे कानाने उचलणाऱ्या पोराचे कौतुक होते, तिथे तीच गोष्ट आड आली. पुढे तेराव्या वर्षापासून ती वॉशिंग्टनच्या बारमध्ये पियानो वाजवू लागली, आणि मुलगी अल्पवयीन म्हणून तिचे वडील तिथे सोबतीला जात. रविवारी प्रवचन देणारा गृहस्थ आठवड्यातल्या इतर रात्री मुलीसाठी बारमध्ये बसून राहतो, हे चित्र मला तिच्या कोणत्याही मुलाखतीपेक्षा बोलके वाटते. त्या बारमध्ये गिऱ्हाईक सांगेल ते गाणे वाजवावे लागे. भजनातल्या फर्माइशी ज्यांनी पुरवल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, की अशा ठिकाणी हात आपोआप शहाणा होतो.

यश मात्र उशिरा आले, आणि त्याआधी चांगलीच फजिती झाली. 1988 मध्ये ‘वाय कान्ट टोरी रीड’ या नावाच्या बँडचा अल्बम निघाला. त्या काळच्या तऱ्हेप्रमाणे फुगवलेले केस, चामड्याचे कपडे, ढोल, गिटार, सिंथेसायझर असे सगळे त्यात होते, आणि या गर्दीत तिचा पियानो मागच्या मागे राहिला. अल्बम आपटला. कंपनीशी करार मात्र कायम होता, म्हणून तिने नव्याने गाणी लिहिली आणि या वेळी पियानो मध्यभागी आणला. ती गाणी कंपनीला पसंत पडली नाहीत. पियानो काढून तिथे गिटार घालावी, असा सल्ला तिला मिळाला. तिने तो मानला नाही. आणखी काही गाणी ध्वनिमुद्रित करून तिने आपले म्हणणे रेटले, कंपनीने तिला लंडनला धाडले, आणि 1992 च्या सुरुवातीला ‘लिटल अर्थक्वेक्स’ बाजारात आला. त्याने तिचे नाव कायमचे झाले.

या अल्बममधले ‘विंटर’ हे गाणे मी नवख्या माणसाला सर्वांत आधी ऐकवते. लहान मुलगी, बर्फ, आणि तिला हात देणारे वडील एवढाच त्यातला प्रसंग. मग वर्षे सरतात आणि वडील तिला विचारतात, मी तुझ्यावर जेवढी माया करतो तेवढी तू स्वतःवर कधी करणार? शब्द साधे आहेत. पियानो सुरुवातीला अगदी जपून पावले टाकतो, दोन सुरांमध्ये मोकळी जागा सोडतो, आणि ध्रुवपदाशी व्हायोलिनांचा ताफा आला तरी तो त्यांच्यात हरवत नाही. गाणारीचा आवाज मोठा होत असताना पियानोने आवाज चढवला असता तर गाणे सिनेमातल्यासारखे झाले असते. तिथे तो धरून ठेवला आहे, म्हणून वडिलांचा प्रश्न प्रश्नच राहतो.

‘प्रेशस थिंग्ज’मध्ये उलटे घडते. तिथे पियानो सुरुवातीपासूनच धावत सुटतो, एकच आवर्तन पुन्हापुन्हा आपटत राहतो, आणि त्याच्यावर धापा टाकल्यासारखा तिचा श्वास तालवाद्याचे काम करतो. शाळकरी वयात झालेले अपमान हा गाण्याचा विषय आहे. शब्द ते अपमान एकेक करून मोजतात आणि हात मात्र पळून जाऊ पाहतात. ‘सायलेंट ऑल दीज इयर्स’मध्ये पियानोवर एक छोटासा, जवळजवळ खेळकर तुकडा आहे, जवळजवळच्या पट्ट्यांवर मागेपुढे करणारा. गाणे आहे एवढी वर्षे गप्प राहिलेल्या बाईचे. हा खेळकर तुकडा तिथे काय करतो, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. आता वाटते, गप्प बसलेल्या माणसाच्या डोक्यात जी सारखी वळवळ चालू असते तीच त्या तुकड्यात आहे. ‘मदर’ हे जवळपास सात मिनिटांचे गाणे तर फक्त पियानो आणि गळा एवढ्यावर उभे आहे, आणि त्यात कित्येक ठिकाणी गळा थांबतो तेव्हाच गाणे पुढे सरकते.

याच अल्बममध्ये एक गाणे असे आहे की ज्यात पियानो मुळीच नाही. ‘मी अँड अ गन’ हे तिच्यावर झालेल्या बलात्काराबद्दलचे गाणे आहे आणि ते तिने एकटीच्या गळ्यावर गायिले आहे. ना सूर धरायला तंबोरा, ना ताल. ज्या बाईच्या प्रत्येक गाण्यात हात बोलतात, तिचे हात या एका गाण्यात बांधल्यासारखे होतात, आणि ऐकणाऱ्याला त्या रिकाम्या जागेचीच भीती वाटू लागते. या गाण्यावर मी याहून जास्त लिहिणार नाही. एवढे सांगणे मात्र आवश्यक आहे, की 1994 मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना दूरध्वनीवरून मदत करणारी ‘रेन’ ही राष्ट्रीय संस्था अमेरिकेत उभी राहिली, तेव्हा तिच्या उभारणीत टोरीचा वाटा होता आणि तीच संस्थेची पहिली राष्ट्रीय प्रवक्ती होती.

माझ्या हाती हे संगीत आले ते बोटीवर नोकरी करणाऱ्या मामेभावामुळे. तो रजेवर आला की परफ्यूम, चॉकलेटे आणि कॅसेटी घेऊन यायचा, आणि त्यांतल्या ज्या कॅसेटी त्याला स्वतःला आवडत नसत त्या माझ्याकडे येत. टोरीची ‘अंडर द पिंक’ अशीच आली. बाबा ओसरीवर पान जमवत बसले होते. माझा समज होता की ते दोन मिनिटांत बंद करायला सांगतील, पण त्यांनी चुना लावायचा थांबवून बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, “ही बाय पेटयेक गप ऱ्हव म्हणान सांगणा नाय गो. तिका बोलाक देता.” इंग्रजीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. या लेखात मी जे काही सांगते आहे त्याचे मूळ त्या एका शेऱ्यात आहे, आणि परदेशी समीक्षकांची लांबलचक परीक्षणे नंतर वाचली तेव्हाही त्याच्यापुढे जाणारे मला फारसे सापडले नाही.

‘अंडर द पिंक’ 1994 चा. ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्यातले ‘कॉर्नफ्लेक गर्ल’ पुष्कळांनी ऐकलेले असते; त्याच्या उत्तरार्धात पियानो जो मोकळा सुटतो तो ऐकावा. मला स्वतःला ‘बेल्स फॉर हर’ अधिक मोलाचे वाटते. त्यासाठी एका जुन्या उभ्या पियानोत मुद्दाम फेरफार करून त्याचा आवाज बिघडवला होता, त्यामुळे सूर घंटेसारखे, थोडे फुटल्यासारखे येतात. तुटलेल्या मैत्रीचे हे गाणे चांगल्या लागलेल्या पियानोवर खोटे वाटले असते. शेवटचे ‘येस, अनास्तासिया’ साडेनऊ मिनिटे चालते, आणि त्यात गाणे सुरू होण्याची घाई नाही. आधी हात फिरून घेतात, वातावरण करतात, आपल्याकडे आलापीत जागा तयार करतात तसे, आणि मग शब्द येतात.

बिघडलेल्या पियानोचा आवाज मला ओळखीचा आहे. आमच्या भागातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी जुना उभा पियानो होता आणि मी ज्याला हात लावला असा तो पहिलाच खरा पियानो. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेने तारांवर तांबूस थर चढलेला, पावसाळ्यात लाकूड फुगून मधल्या पट्ट्या दाबल्या की वर येतच नसत, आणि ओल कमी राहावी म्हणून घरच्या आजी आत खालच्या बाजूला एक विजेचा दिवा रात्रंदिवस पेटता ठेवत. झाकण उघडले की ऊब यायची आणि तिच्याबरोबर जुन्या लोकरीचा नि गंजाचा वास. सूर लावणारा माणूस गोव्याहून येई, तोही आला तर. पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा असतो; त्या तारांच्या खुंट्या धरून ठेवणारे लाकूड आमच्या आषाढ-श्रावणात किती दिवस सरळ राहणार? म्हणूनच कोकणात पियानो रुजला नाही, पेटी रुजली. तिची पितळी पाती गंजत नाहीत असे नाही, पण ती घरच्या घरी घासून, फुंकून पुन्हा सुरात आणता येतात. आता तर भजनातही इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे, आणि तो कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला कॅसिओच म्हणतात.

टोरी एमॉसचे नाव जोडले गेले आहे ते व्हिएन्नाच्या बोझेनडॉर्फर पियानोशी. या घराण्याचा ‘इंपीरियल’ नावाचा सर्वांत मोठा पियानो 290 सेंटिमीटर लांब असतो आणि त्याला नेहमीच्या 88 ऐवजी 97 पट्ट्या असतात. जास्तीच्या नऊ पट्ट्या डावीकडे, अगदी खालच्या सुरांसाठी. वाजवणाऱ्याची नजर फसू नये म्हणून त्यांतल्या पांढऱ्या असायच्या पट्ट्याही काळ्या रंगवलेल्या असतात. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराने ऑर्गनसाठी लिहिलेल्या रचना पियानोवर आणताना बुसोनी या संगीतकाराला खालचे सूर अपुरे पडत होते, त्यातून हा पियानो घडला. गंमत अशी, की त्या जादा पट्ट्या सहसा वाजवल्या जात नाहीत. पण उजव्या पायाखालचे पेडल दाबले की तारांवरची दाबणी उचलली जाते आणि त्या लांब तारा न वाजवताही घुमू लागतात, सतारीवर तरफेच्या तारा घुमतात त्याच न्यायाने. टोरीच्या गाण्यात सुरांच्या खाली जो एक काळसर घुमारा ऐकू येतो, त्याचे बरेचसे श्रेय या वाद्याला आहे. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला तो घुमारा चटकन ओळखीचा वाटतो.

1996 चा ‘बॉईज फॉर पेले’ हा तिचा सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत मोठा अल्बम. पेले ही हवाई बेटांवरची ज्वालामुखीची देवी. एक दीर्घ नाते तुटल्यावरची ही गाणी आहेत. निर्मितीची सूत्रे या वेळी तिने स्वतःच्या हाती घेतली आणि ध्वनिमुद्रण आयर्लंडमधल्या डेलगनी या गावच्या चर्चमध्ये केले. धर्मोपदेशकाची मुलगी मनातला सगळा राग घेऊन चर्चमध्येच जाऊन बसली, यातली खोच लपून राहत नाही. या अल्बममध्ये पियानोच्या जोडीला हार्पसिकॉर्ड हे जुने वाद्य आहे. त्याची पट्टी दाबली की हातोडा पडत नाही, एक बारीक नखी तार छेडते. त्यामुळे बोट कसेही पडो, आवाज तेवढाच येतो. पियानोवर राग दाखवायचा तर आपटता येते. हार्पसिकॉर्डवर आपटून उपयोग नाही. मग ‘ब्लड रोझेस’मध्ये सगळा राग गळ्यात जमतो आणि हात मात्र कोरड्या, टोकदार आवाजात टिचत राहतात. बाबांनी हे ऐकून “तंबोऱ्याची जवारी वायच जास्तच खुलली हा” (जवारी म्हणजे तारेला येणारी झणझण) एवढेच म्हटले आणि पुढे ऐकायचे नाकारले. त्यांना तो अल्बम शेवटपर्यंत रुचला नाही, आणि त्यांच्या बाजूने बोलायचे तर तो अठरा गाण्यांचा पसारा एका बैठकीत ऐकणे मलाही जड जाते.

या अल्बमच्या वाद्यांत हार्मोनियमही आहे, आणि ‘हे जुपिटर’ हे गाणे तिने हार्मोनियमवर निराळ्या रूपात केले आहे. ते ऐकताना मी फार सावध होते, कारण ते माझे वाद्य. तिथे तिचे हात एकदम शांत होतात. पियानोवर जी बाई प्रत्येक ओळीला उत्तर देते, ती पेटीवर लांब सूर धरून बसते आणि गळ्याला त्या सुरांवर टेकू देते. वाद्य बदलले की वागणूक बदलावी लागते, हे तिला कोणी शिकवावे लागले नसणार. याच अल्बममधल्या ‘प्रोफेशनल विडो’ या गाण्याचे एका अमेरिकी डीजेने नाचासाठी केलेले रूप 1997 च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात मूळ गाण्याचे एकदोन तुकडेच उरले आहेत. ते ऐकून तिच्याकडे वळलेल्या माणसाची मूळ अल्बम लावल्यावर काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

रंगमंचावर ती कशी बसते, यावरही पुष्कळ चर्चा झाली आहे. ती पियानोच्या बाकावर दोन्ही बाजूंना पाय टाकून, प्रेक्षकांकडे तोंड करून बसते. एक पाय पेडलवर, दुसरा मागे ताणलेला. काही जणांना त्यात नखरा दिसला. मला त्यात सोय दिसते. तिच्या एका बाजूला पियानो असतो आणि पाठीमागे दुसरे वाद्य, पूर्वी हार्पसिकॉर्ड, नंतर ऑर्गन किंवा कीबोर्ड. एक हात एकावर आणि दुसरा दुसऱ्यावर ठेवून ती गाते. सरळ, सभ्य मुलीसारखी बसली तर हे जमणारच नाही. आमच्याकडे महिला भजन मंडळे आता गावोगाव आहेत, बायका पेटी उत्तम वाजवतात, पखवाजही वाजवतात. पण पेटीवर बसणाऱ्या मुलीला अजूनही पहिली सूचना मिळते ती सुरांची नसते, पदर आणि मांडी नीट करण्याची असते. टोरीची बैठक पाहताना माझ्या मनात ते सारखे येत राहते.

तिचे शब्द कळत नाहीत, अशी तक्रार इंग्रजी जाणणारेही करतात, आणि ती खोटी नाही. कित्येक ओळी खासगी आहेत, कित्येक नुसत्या नादासाठी आलेल्या आहेत, आणि काही ठिकाणी मला सरळ आळस दिसतो. पण भजनाच्या परंपरेत वाढलेल्यांना पूर्ण अर्थ लागण्याआधी गाणे मनात शिरण्याची सवय असते. कूटरचना आम्ही लहानपणी बेंबीच्या देठापासून गायिल्या आणि त्यांतले कोडे पुढे कधीतरी सुटले, काहींचे सुटलेही नाही. तिच्या गाण्यात अर्थ जिथे निसटतो तिथे पियानोला विचारावे. बहुतेक वेळा तो खरे सांगतो.

1998 च्या ‘फ्रॉम द क्वायरगर्ल हॉटेल’मध्ये तिने बँड घेतला. पोटातले मूल गमावल्याचे दुःख त्या गाण्यांच्या मुळाशी आहे आणि ‘स्पार्क’सारखे गाणे ते दुःख अंगावर येईल अशा रीतीने मांडते. ढोलांच्या गजरात पियानो काही ठिकाणी मागे हटतो, पण तिथे ते शोभते. नंतरच्या काळाबद्दल मी एवढी उदार होऊ शकत नाही. 2002 च्या ‘स्कार्लेट्स वॉक’मध्ये अठरा गाणी, 2005 च्या ‘द बीकीपर’मध्ये एकोणीस, 2007 च्या ‘अमेरिकन डॉल पॉसी’मध्ये तेवीस. सीडीवर जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. या अल्बमांत पाचसहा गाणी पहिल्या प्रतीची निघतात आणि उरलेल्यांत पियानो पुन्हा साधा सोबती होऊन बसतो, स्वरसमूह धरून ठेवणारा. पहिल्या दहा वर्षांत जे घडले ते ज्याने ऐकले आहे, त्याला हे खटकल्याशिवाय राहत नाही.

मधल्या दोन अल्बमांकडे मात्र भजनवाल्यांनी मुद्दाम पाहावे. आमच्याकडे लोकप्रिय गाण्याची चाल उचलून तिच्यावर अभंग बसवण्याची जुनी रीत आहे. नाट्यपदाच्या चाली झाल्या, सिनेमाच्या झाल्या, आणि जाणत्यांनी त्यावर नाके मुरडली तरी रीत काही मोडली नाही. टोरीने 2011 मध्ये ‘नाइट ऑफ हंटर्स’मध्ये नेमके हेच केले. साती या फ्रेंच संगीतकाराची एक पियानोरचना घेतली, बाख, शोपाँ, शुबर्ट, देबुसी यांच्या रचना घेतल्या, त्यांच्यावर स्वतःचे शब्द आणि स्वतःचे वळण चढवले, आणि अभिजात संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉइश ग्रामोफोनने ते प्रकाशित केले. अकराव्या वर्षी ज्या परंपरेतून ती बाहेर पडली, त्याच परंपरेच्या ओसरीवर ती चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या अटींवर येऊन बसली. 2001 चा ‘स्ट्रेंज लिटल गर्ल्स’ याच्या उलट्या टोकाला आहे. तिथे पुरुषांनी लिहिलेली बारा गाणी तिने जशीच्या तशी शब्दांसह घेतली आणि ती बाईच्या तोंडी घातली. बायकोच्या खुनाबद्दलचे एमिनेम या अमेरिकी रॅपरचे गाणे ती जवळजवळ कुजबुजत म्हणते. शब्द तेच, पण बोलणारी आता मेलेली बायको आहे असे वाटू लागते आणि मूळ गाण्यावर हसलेल्या माणसाचे हसू तिथेच विरते.

तिचा स्टुडिओ इंग्लंडच्या कॉर्नवॉल या किनारी भागात आहे आणि नवरा ध्वनिमुद्रक असल्यामुळे ते घरचेच काम. 2019 मध्ये तिची आई वारली. पाठोपाठ करोनाची टाळेबंदी आली आणि नेहमी दौऱ्यावर असणारी ही बाई त्या किनाऱ्यावर अडकून पडली. त्यातून 2021 मध्ये ‘ओशन टू ओशन’ आला. तो तिच्या पहिल्या अल्बमांच्या तोडीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण तो आटोपशीर आहे, आईचे जाणे त्यात जागोजागी आहे, आणि पियानोला पुन्हा स्वतःचे काहीतरी म्हणायचे आहे.

कोणाला ऐकायला सुरुवात करायची असेल तर ‘विंटर’ आणि ‘मदर’ आधी ऐकावीत, मग ‘बेल्स फॉर हर’, आणि ‘बॉईज फॉर पेले’ची घाई करू नये. ‘मी अँड अ गन’ लहान मुलांसमोर किंवा प्रवासात लावू नये. हे सगळे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकण्यात मात्र अर्थ नाही. डाव्या हाताचे खालचे सूर त्यातून बाहेरच पडत नाहीत, आणि मग जे ऐकू येते ते अर्धेच संभाषण असते. साधे वायरचे हेडफोन पुरतात.